कायदा आला, माणसे कुठे आहेत?

अपंगांसाठी कायदाच नाही, अशी तक्रार आता कोणाला करता येणार नाही. १९९५ साली संसदेने समान संधीचा कायदा संमत केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव होत्या. २०१६ च्या नव्या कायद्याने प्रकार एकवीस केले, राखीव जागा चार टक्के केल्या. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द सरकारदरबारी रुळला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण केला. एवढे सारे होऊनही अशा मुलाच्या आईची दमछाक काही थांबलेली नाही. असे का व्हावे?

उत्तर साधे आहे. कायदा हक्क देतो. सेवा मात्र माणसेच देतात. आणि ही माणसे नेमण्यात, त्यांना शिकवण्यात आणि टिकवण्यात आपण फार मागे राहिलो आहोत.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या. ही मोजणी एकवीस प्रकार मानले जाण्यापूर्वीची, हेही लक्षात ठेवले पाहिजे. यांतल्या प्रत्येकाचा सरकारशी पहिला संबंध येतो तो प्रमाणपत्रापाशी. त्याचा अर्ज आता संगणकावर करता येतो, ही सोय चांगलीच आहे. पण तपासणी डॉक्टरांनाच करावी लागते. मतिमंदत्व किंवा स्वमग्नता ठरवायची, तर मानसशास्त्रज्ञ हवा. जिल्हा रुग्णालयातले ते पद रिकामे असेल, तर गावाकडून एस.टी.ने आलेल्या कुटुंबाला पुढची तारीख घेऊन परतावे लागते. त्या दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच.

शाळेचे चित्र याहून बोलके आहे. प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक आणि पुढच्या इयत्तांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षे कंत्राटी शिक्षकांनी रेटले. तुटपुंजे मानधन आणि दरवर्षी नेमणुकीची टांगती तलवार, अशा स्थितीत त्यांनी काढलेले दिवस आठवावेत. २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. आज या गावात, उद्या त्या गावात फिरणारा शिक्षक ब्रेल शिकवणार केव्हा, खुणांची भाषा शिकवणार केव्हा आणि वर्गशिक्षकाला वाट दाखवणार केव्हा?

शाळा सुटल्यावर प्रश्न घरात येतो. तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तीला उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे हे चोवीस तासांचे काम आहे. आपल्याकडे ते बहुधा आई, बहीण किंवा सून करते आणि त्याला काम म्हणण्याचीही पद्धत नाही. २०१६ च्या कायद्यातील कलम २४ मध्ये अशा व्यक्तींसाठी मदतनीस भत्त्याची तरतूद आहे. पण नुसत्या भत्त्याने भागत नाही. गाठीशी चार पैसे असले तरी प्रशिक्षित मदतनीस मिळायला तर हवा! आई-वडिलांच्या मनातला 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न यातूनच येतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्याने पालकत्वाची कायदेशीर सोय केली. रोजच्या सांभाळाची सोय अजून व्हायची आहे.

पैसा नाही, हे कारण नेहमीच पुढे केले जाते. ते पूर्ण खरे नाही. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत. मात्र तीनचाकी सायकल वाटली की समारंभ होतो, छायाचित्र छापून येते. वाचा-उपचारतज्ज्ञाचा महिन्याचा पगार कोणाला दिसत नाही! साहित्य वाटू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण श्रवणयंत्र दिल्यावर ते कसे लावायचे, मुलाला बोलते कसे करायचे, हे शिकवायला कोणी नसेल, तर ते यंत्र कपाटातच पडून राहते.

म्हणून मागणी माणसांची केली पाहिजे. रुग्णालयातील रिक्त पदे आधी भरावीत. विशेष शिक्षकामागे किती मुले आहेत, ते दरवर्षी जाहीर करावे. घरच्या मदतनिसांसाठी तालुक्याच्या गावी छोटे प्रशिक्षणवर्ग काढावेत आणि त्यांना रीतसर वेतन मिळावे. आई आजारी पडली किंवा लग्नाकार्याला जायचे झाले, तर चार दिवस मुलाला विश्वासाने ठेवता येईल अशी एक जागा प्रत्येक तालुक्यात असावी.

वाचकांनाही यात करण्यासारखे काही आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा आपल्या नगरसेवकाकडे एवढेच विचारावे, की त्या पाच टक्क्यांतून गेल्या वर्षी वस्तू किती घेतल्या आणि माणसे किती नेमली?