खोक्यावरचा आकडा आणि बेंचवरची आयसी

पैठण रोडवर चितेगाव आले की व्हिडिओकॉनचा कारखाना आठवतोच. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे टीव्ही मात्र लोकांच्या घरात राहिले. कंपनीच अडचणीत आली की सर्व्हिस सेंटरकडून फाइल किंवा तयार बोर्ड मिळण्याचा भरवसा उरत नाही. मेमरी आयसीत डाटा आपला आपणच टाकायचा. मग प्रश्न येतो, प्रोग्रॅमर कोणता घ्यायचा?

बहुतेक जण खोक्यावरचा आकडा बघतात. वीस हजार आयसी, तीस हजार आयसी! त्या यादीत एकच आयसी पॅकेज बदलले की नव्याने मोजलेली असते. त्यापेक्षा आपली जॉबची वही उघडा आणि वर्षभरात बेंचवर काय आले ते पाहा. ट्यूबच्या रंगीत टीव्हीत २४सी०८ सारखी आठ पायांची आयसी. चॅनेल, आवाज, चित्राची सेटिंग तिच्यात. स्मार्ट नसलेल्या एलईडी टीव्हीत बहुधा सगळे सॉफ्टवेअरच २५ सिरीजच्या फ्लॅशमध्ये. एवढेच काम असेल तर सीएच३४१ए चा स्वस्त प्रोग्रॅमर पुरतो. पण त्याच्या नेहमीच्या काळ्या बोर्डात एक खोट आहे: आयसीला पुरवठा ३.३ व्होल्टचा मिळतो आणि डाटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात. पुष्कळ आयसी हे सोसतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. घेतल्या दिवशीच मीटर लावून बघा.

व्होल्टेजचा घोळ इथेच संपत नाही. विनबाँडची २५क्यू६४एफव्ही २.७ ते ३.६ व्होल्टवर चालते, तर २५क्यू६४एफडब्ल्यू १.६५ ते १.९५ वर. फरक शेवटच्या एका अक्षराचा, तोही भिंगाखाली वाचायचा. १.८ व्होल्टची सोय प्रोग्रॅमरमध्येच हवी, नाहीतर वेगळा अडॅप्टर घ्या.

क्लिप लावून बोर्डावरच आयसी वाचायचा मोह सगळ्यांना होतो. क्लिपमधून गेलेला पुरवठा बाकीच्या बोर्डालाही मिळतो, प्रोसेसर जागा होतो आणि त्याच लाइनवर बोलू लागतो. म्हणून दोनदा वाचा, दोन्ही फाइली ताडून पाहा. जुळल्या नाहीत तर आयसी सरळ काढून घ्या. मूळ फाइल गिऱ्हाइकाच्या नावाने जपून ठेवा. मॅक ॲड्रेससारखी त्या सेटची स्वतःची माहिती अनेकदा तिच्यातच असते. दुसऱ्याच्या सेटची फाइल टाकली की ती गेली.

मशीनची कंट्रोल कार्डे करणाऱ्यांचे गणित वेगळे. ८९सी५१ सॉकेटमध्ये बसवून लिहावी लागते आणि तिच्या नेहमीच्या प्रकाराला १२ व्होल्ट लागतात. ८९एस५२ चार-पाच तारांवर बोर्डावरच लिहिता येते; तिच्यासाठी मोठा प्रोग्रॅमर कशाला? काचेच्या खिडकीच्या जुन्या ईप्रॉम अजून येत असतील, तर लिहिण्याचे व्होल्टेज आधी विचारा. २७१६ ला २५ व्होल्ट लागतात. टीएल८६६-टू प्लस हा प्रोग्रॅमर १८ वर थांबतो, टी४८ पंचविसापर्यंत जातो. आणि लॉक बिट लावलेली कंट्रोलर आयसी ‘वाचून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून लांबच राहा. मशीन बनवणारी कंपनी बंद पडली असेल तर प्रोग्राम नव्याने लिहिण्याची तयारी ठेवलेली बरी.

आमचे मत स्पष्ट आहे. फक्त टीव्ही दुरुस्ती करणाऱ्याने व्होल्टेजचा स्विच असलेला साधा प्रोग्रॅमर आणि १.८ चा अडॅप्टर घ्यावा. उरलेला पैसा हॉट एअरवर खर्च करावा. दुरुस्ती आणि कार्डे दोन्ही करणाऱ्याने टी४८ च्या दर्जाचा घ्यावा. पैसे मोजण्याआधी आपल्या वहीतल्या तीन आयसी खिशात घालून दुकानात जा, आणि वाचणे, पुसणे, लिहिणे, व्हेरिफाय हे चारही आपल्यासमोर करून मागा. दुकानदार कां-कूं करू लागला तर दुसरे दुकान गाठा.