निरंक अहवाल चालणार नाही

भस्म बुधवारच्या तोंडावर एका विभागीय कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या पाळकांना परिपत्रक धाडले. विषय : 'उपवासकाळातील आत्मसंयमाचा अहवाल'. सोबत तक्ता, तीन प्रतींत, सही-शिक्क्यासह. त्याच्या झेरॉक्स आणि त्यावरची संतापाची पत्रे आमच्याकडे अजून येत आहेत, म्हणून या अंकात दुसरा विषय नाही.

तक्ता नीट वाचण्यासारखा आहे. एका रकान्यात उपवास करणाऱ्या सभासदांची संख्या, पुढच्यात उपवासाचे 'एकूण तास'. मग व्यसनमुक्तीची प्रतिज्ञा केलेल्यांची नावे व मोबाइल क्रमांक. त्याला लागून, प्रतिज्ञा मोडलेल्यांची संख्या व कारणे. मुदत पवित्र सप्ताहातल्या मंगळवारची. म्हणजे पाळकाला श्वास घ्यायला फुरसत नसते नेमके तेव्हा. आणि तळाशी जाड ठशात : निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही. प्रत्येक मंडळीत कोणीतरी दारू सोडलीच पाहिजे, आणि जमले तर कोणीतरी ती पुन्हा धरलीही पाहिजे, नाहीतर रकाना मोकळा राहतो.

एका पाळकसाहेबांनी फोन करून विचारले, सकाळचा चहा घेतला तर तास मोजायचे की नाही? उत्तर मिळाले, चहा चालेल. सोबत बिस्किट असेल तर निम्मे तास धरा. यावर हसायला हरकत नाही. पण दुसऱ्या एका बंधूंनी घरटी चार माणसे धरून सरळ गुणाकार केला, भरघोस आकडा पाठवला आणि त्यांना शाबासकीचे पत्र आले. हे मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने उपवासाबद्दल काय बजावले आहे ते रविवार शाळेतल्या पोरांना पाठ असते. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कोणाला कळू देऊ नका. त्या अध्यायावर रूळ ठेवून रकाने पाडणाऱ्यांना आणि ते निमूट भरणाऱ्यांना आम्ही एकाच बाकावर बसवतो.

साहेबांपुढे इंद्रियदमनाची भाषा करण्याचा पौलालाही अनुभव आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४. कैसरियात सुभेदार फेलिक्साने बायकोसह त्याचे ऐकले, विषय इंद्रियदमन आणि पुढचा न्याय यांवर येताच तो घाबरला आणि 'आता जा, सवड मिळाली की बोलावीन' म्हणाला. नंतर वरचेवर बोलावले, ते काही हाती पडेल या आशेने. पौल दोन वर्षे अटकेतच राहिला.

तासांचा रकाना मूर्खपणाचा आहे, नावांचा घातक आहे. आमच्याकडे आलेल्या एका प्रतीत नावासमोर निळ्या बॉलपेनने दोनच शब्द लिहिले होते : 'पुन्हा सुरू'. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ठाऊक नव्हते. ती यादी पाळकाकडून चिटणीसाकडे, चिटणीसाकडून टायपिस्टाकडे, तिथून मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली आणि त्याच्या मुलीच्या सासरच्यांपर्यंत पोहोचायला आठवडासुद्धा लागला नाही. तो आता उपासनेला येत नाही. बायको येते आणि शेवटच्या गीताआधी उठून जाते. कार्यालयाच्या तक्त्यात या नुकसानीला रकाना नाही.

दारू सोडू पाहणाऱ्यांचे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या अॅक्रन गावी सुरू झाले. एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने खंगलेले. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी संबंध होता. पापकबुली, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई, रोजची प्रार्थना, सगळे त्यांनी आपल्याच अंगणातून उचलले. स्वतःची भर घातली ती अशी की नाव बाहेर जाणार नाही आणि शपथ फक्त आजच्या दिवसाची. नव्वद वर्षांनी आपण मात्र जन्मभराची शपथ घ्यायला लावतो आणि आडनावासकट वरती कळवतो.

शपथेचेच निघाले आहे तर दुसरेही बोलून टाकू. संजीवन सभेत वेदीपुढे माणूस रडतो, आयुष्यात दारूला शिवणार नाही म्हणतो, टाळ्या पडतात, रकाना भरतो. तो वर्षानुवर्षे रोज पिणारा असेल तर एकदम बंद केल्यावर पहिल्या दिवसभरातच हात कापू लागतात, घाम फुटतो. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कोणाकोणाला भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. अशा माणसाला भूतबाधा ठरवून खोलीत कोंडून उपवास-प्रार्थनेला बसलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना जरूर करा, पण रिक्षा आधी बोलवा. सिव्हिलमध्ये नेऊन डॉक्टरांना रोज किती प्यायचा, शेवटची कधी घेतली ते खरेखरे सांगा. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून याच कामात आहे. तिथला फोन नंबर पाळकाच्या खिशातल्या डायरीत असायला कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही.

आणि प्याल्याचे काय? दारू सोडलेल्या माणसापुढे दर प्रभुभोजनाला खरा द्राक्षारस धरणाऱ्या मंडळ्या अजून आहेत. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षाचा रस न आंबता टिकवायची रीत बसवली, ती प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठीच. ज्यांच्या उपासनाविधीत रस चालतो त्यांनी पुढच्या रविवारपासून बदल करायला काय अडचण आहे? 'कमिटीत विषय घेऊ' हे उत्तर आम्ही फार वर्षे ऐकत आहोत.

या तक्त्यात पाळकासाठी आणि पंचांसाठी एकही रकाना नाही, हेही लक्षात घ्या. तीताच्या पहिल्या अध्यायातली यादी अध्यक्षाची आहे, सभासदाची नव्हे : रागीट नसावा, मद्यपी नसावा, मारका नसावा, आत्मसंयमी असावा. इतरांना घोषणा करून आपणच बाद ठरू, ही पौलाची करिंथकरांपुढची धास्ती उपदेशकाची धास्ती आहे. वार्षिक सभेत खुर्च्या उचलणारे, मंडळीच्या जागेवरून एकमेकांना कोर्टात खेचणारे, मध्यरात्री ग्रुपवर एकमेकांची उणीदुणी काढणारे कोणत्या रकान्यात बसतात? रेव्हरंड टिळकांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हातचे न राखता लिहिला. तो वाचून टिळकांवरची माया कोणाची आटली? घरच्या माणसाने मायेने लिहिणे निराळे आणि टायपिस्टाने तीन प्रतींत काढणे निराळे.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, नावांच्या रकान्यात 'विश्वासाने सांगितलेले कळवता येत नाही' एवढे लिहा, सही करा आणि कागद परत पाठवा. कारवाईची धमकी आली तर ते पत्र आमच्याकडे द्या, पुढच्या अंकात छापू. ज्यांनी गुणाकार केला त्यांनी दुसरे पत्र लिहून आकडा मागे घ्यावा.

आणि तुमचे सभागृह उघडा. रविवार सोडला तर ते बहुतेक संध्याकाळी कुलपातच असते. गावात किंवा तालुक्यात एएचा गट असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना द्या, नसेल तर जवळच्या गटाला बोलवा. बिल्डिंग कमिटीच्या ठरावासाठी ईस्टरपर्यंत थांबू नका, चिटणीसांकडून किल्ली आजच मागून घ्या. बाहेरच्यांची देणगी न घेण्याचा त्यांचा रिवाज आहे, त्यामुळे थोडेबहुत भाडे ते स्वतःच देऊ करतील. देतील ते घ्या, पावती गटाच्या नावाने फाडा. पंख्यांचे रेग्युलेटर चालतात का बघा, चहासाठी पाण्याची सोय करा. आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवा, त्या संध्याकाळी दारात नाव लिहायची वही ठेवायची नाही.