कराराला मुदत असते, उचलीला नसते

"त्यांनी मर्जीने उचल घेतली, मग तक्रार कशाची?" वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. शिकलेले बोलतात, आपल्यातलेही बोलतात.

सतराव्या शतकात इंग्लंडमधले हजारो गरीबही मर्जीनेच व्हर्जिनियाला गेले. जहाजाचे भाडे नव्हते, म्हणून चार ते सात वर्षांची चाकरी लिहून दिली. त्यांचे भाडे भरणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळे. राबणाऱ्यांपैकी कित्येक मुदतीआधीच मेले. तरी कराराला शेवटची तारीख होती. कोकणातून मॉरिशसच्या उसात गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या करारालाही होती.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या कातकऱ्याच्या उचलीला ती नसते. पुष्कळांच्या झोपडीखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. पावसाळ्यात काम नसते, घरात आजारपण निघते, तेव्हा मुकादम पैसे पुढे करतो. दिवाळीनंतर नवरा-बायको पोरांसकट भट्टीवर. हजार विटांचा दर मालक ठरवतो, आठवड्याची खर्ची मालक देतो, हिशेबाची वहीही त्याचीच. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि बाकी निघते. ती फेडायला पुन्हा तीच भट्टी. वही ज्याला वाचताच येत नाही, त्याची मर्जी कसली?

कायद्याने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, आणि तिच्यापायीचे कर्जही. १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशात राबावे लागणे हीसुद्धा सक्तीच. म्हणजे मालकाने चाबूक उगारलाच पाहिजे असे नाही.

आता आपल्याबद्दल. कुरआनाने जकातीचे आठ हक्कदार सांगितले. त्यांत गुलामगिरीत अडकलेले आहेत आणि कर्जाखाली दबलेलेही. जकात फक्त मुसलमानाला, असे कोणी म्हणेल. बरे, सदक्याला तर तशी अट नाही ना? पण पैसा देऊन हात झटकणेही पुरे नाही. तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर उभे राहा. मुक्तीचा दाखला मागा, घराखालच्या जमिनीचा कागद मागा.

मशिदीची भिंत उभारताना आपण विटेचा भाव विचारतो. ती थापणाऱ्याच्या डोक्यावर उचल किती, हेही एकदा विचारून बघा.