डोडोची बदनामी

मुलांसाठीं लिहिलेलें एक सचित्र पुस्तक नुकतेंच आमच्या हातीं आलें. त्यांत डोडो पक्ष्याविषयीं तीन गोष्टी सांगितल्या आहेत: तो लठ्ठ व मूर्ख होता, त्याला उडतां येत नव्हतें, म्हणून तो नामशेष झाला. शेजारीं चित्रही आहे. घागरीसारखें पोट, आंखूड पाय, बांकदार चोंच आणि मुद्रेवर बावळटपणा. तें पाहून मुलें हांसलीं, हें सांगावयास नकोच. लहानपणीं आम्हीही हांसलों होतों. परंतु या तीन विधानांपैकीं मधलें तेवढें निःसंशय खरें आहे. पहिलें विधान मुख्यतः एका चित्राच्या आधारावर उभें आहे, आणि तिसरें पहिल्याच्या. म्हणून त्या चित्राची उलटतपासणी करणें अवश्य झालें आहे.

डोडो मॉरिशस बेटावरचा. डच खलाशी तेथें १५९८ सालीं उतरले. १६०१ मध्यें तेथें गेलेल्या ‘गेल्डरलंड’ नामक डच जहाजाच्या रोजनिशींत डोडोचीं कांहीं रेखाटनें आहेत. पक्षी त्याच्या स्वतःच्या बेटावर पाहून काढलेलीं म्हणून त्यांचें मोल मोठें. त्यांतला पक्षी पुढें गाजलेल्या चित्रांतल्याइतका पोटाळ नाहीं. पण हे कागद दीर्घकाळ दप्तरांतच पडून राहिले, आणि जगानें पाहिला तो युरोपांतल्या रोलांट साव्हेरीचा डोडो. साव्हेरी हा बादशहा दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारीं काम केलेला चित्रकार. त्यानें डोडो अनेकदां रंगविला. त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध चित्र सुमारें १६२६ चें. पुढें तें जॉर्ज एडवर्ड्स या पक्षितज्ज्ञाकडे आलें व त्यानें १७५९ सालीं तें ब्रिटिश म्युझियमला दिलें. साव्हेरीपुढें पिंजऱ्यांत कोंडून चारलेला पक्षी होता कीं पेंढा भरलेलें कातडें होतें, यावर विद्वानांत अद्याप एकमत नाहीं. इतका संशयित साक्षीदार कोणत्याही न्यायालयानें जपूनच ऐकला असता. डोडोच्या बाबतींत मात्र त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊन टाकण्यांत आला.

हा निकाल किती खोल रुजला याचें एक उदाहरण पुरेसें आहे. १८६५ सालीं मॉरिशसच्या एका दलदलींत डोडोचीं हाडें सांपडलीं आणि तीं रिचर्ड ओवेन या विख्यात शरीरशास्त्रज्ञाच्या हातीं आलीं. आतां तरी हाडांनीं बोलावें व चित्रानें ऐकावें, असें कोणासही वाटेल. झालें तें उलट. ओवेननें १८६६ मध्यें तीं हाडें साव्हेरीच्या चित्राच्या बाह्यरेषेंत बसविलीं, आणि सांगाडा त्या चित्राप्रमाणेंच बसका झाला! आणखी हाडें मिळाल्यावर १८६९ मध्यें त्यानें आपली चूक सुधारली व पक्ष्यास अधिक ताठ उभा केला. ही सुधारणा विद्वानांच्या ग्रंथांत राहिली. मुलांच्या पुस्तकांत चित्र तेंच राहिलें. तत्पूर्वींच, १७६६ सालीं, लिनीयसनें या पक्ष्यास जें शास्त्रीय नांव दिलें त्यांत ‘अजागळ’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला होता. ज्याचें बारसेंच शिवीनें झालें, त्याची अब्रू पुढें कोण राखणार?

या खटल्यांत आमच्या देशाचाही एक साक्षीदार आहे, आणि तो कोणी विचारला नाहीं याचें आम्हांस वैषम्य वाटतें. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६२८ ते १६३४ या काळांत हिंदुस्थानांत होता. सुरतेस आपण दोन डोडो पाहिले असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याच सुमाराचें एक मोगल चित्र आज रशियांतील हेर्मिताज संग्रहालयांत आहे. त्यावर सही नाहीं. तथापि जहांगिराचा नामांकित चित्रकार उस्ताद मन्सूर याचें तें असावें असें मानतात. त्यांत डोडो पिंगट व बेताच्या अंगाचा आहे. त्याच्या भोंवतीं हंस, पोपट इत्यादि पक्षी आहेत, आणि ते इतके हुबेहूब आहेत कीं प्रत्येकाची जात आज ओळखतां येते. ज्या हातानें चार पक्षी खरे काढले, त्यानें पांचवाच खोटा काढला असेल काय? अभ्यासक या चित्रास मान देतात. आमच्या पुस्तककर्त्यांस मात्र सुरतेहून लंडन जवळ वाटतें!

यावर कोणी म्हणेल, साडेतीनशें वर्षांपूर्वीं मेलेल्या पक्ष्याची कसली अब्रू, आणि एका चित्रासाठीं एवढा कंठशोष कशाला? याचें उत्तर त्या पुस्तकांतल्या ‘म्हणून’ या शब्दांत आहे. पक्षी मूर्ख होता ‘म्हणून’ मेला, असें एकदां ठरलें कीं मारणारा सुटला. ज्या बेटावर युगानुयुगें त्याची शिकार करणारें एकही सस्तन जनावर नव्हतें, तेथला पक्षी माणसास भ्यावा कशाला? न भिणें म्हणजे मूर्खपणा नव्हे. जहाजांबरोबर उंदीर, डुकरें व माकडें आलीं. जमिनीवरचीं अंडीं त्यांनीं फस्त केलीं. जंगल तुटत गेलें. डोडो पाहिल्याची सर्वमान्य अशी शेवटची नोंद १६६२ ची आहे. डच उतरल्यापासून अवघीं चौसष्ट वर्षें! आणि अकलेविषयीं म्हणाल, तर २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कवटीच्या अभ्यासांत त्याचा मेंदू शरीराच्या मानानें कबुतरांइतकाच असल्याचें दिसून आलें. डोडो मुळीं कबुतरांच्याच कुळांतला.

त्या कुळाचा एक जिवंत वंशज आमच्या राज्यांत आहे. निकोबारी कबूतर हें डोडोचें आजचें सर्वांत जवळचें आप्त, असें २००२ मध्यें आनुवंशिक परीक्षेनें ठरलें. त्याच्या बेटांपैकीं ग्रेट निकोबारवरील गॅलाथिया उपसागराचें अभयारण्य जानेवारी २०२१ मध्यें रद्द करण्यांत आलें. तेथें मोठें बंदर योजिलें आहे, आणि संपूर्ण योजनेपायीं सुमारें १३० चौरस किलोमीटर जंगल जावयाचें आहे. त्याच किनाऱ्यावर वाळूचे ढीग रचून त्यांत अंडीं घालणारा निकोबारी मेगापोड पक्षीही राहतो. उद्यां हे पक्षी गेले तर त्यांचेंही एखादें गमतीदार चित्र छापून खालीं ‘म्हणून’ लिहावयास आम्ही मोकळे!

आमची मागणी फार मोठी नाहीं. साव्हेरीचें चित्र फाडून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. तें सुंदर आहे. पण त्याखालीं चित्रकाराचें नांव, साल, आणि पक्षी जिवंत पाहिला होता कीं नाहीं याची शंका, एवढ्या तीन गोष्टी छापाव्या. शेजारीं मोगल चित्र द्यावें. आणि ‘मूर्ख होता म्हणून’ हे शब्द खोडून तेथें डुकरें, उंदीर, कुऱ्हाड व माणूस यांचीं नांवें लिहावीं. मुलें मग हांसणार नाहींत कदाचित्. न हांसोत. त्यांनीं प्रश्न विचारला तर पुस्तकाचे पैसे फिटले असें आम्ही समजूं.