पितळ उघडे पडण्याआधी



माणच्या आमच्या वस्तीतल्या मुलांनी ठरविले, भीमजयंतीला डीजे नको, आपलेच बँडपथक उभे करू. विचार चांगला, पण नवी वाद्ये परवडेनात. मोबाईलवर जुना ट्रंपेट विकायला दिसला. फोटोत तो आरशासारखा चकाकत होता. आम्ही भुललो आणि वर्गणीतून पैसे आगाऊ पाठविले. वाद्य हाती आले तेव्हा एक पिस्टन रुतलेला, नळीला बारीक भोक. कंत्राटी कामगारांनी, धुणीभांडी करणाऱ्या मायमाऊल्यांनी दिलेला तो पैसा. चूक आमची, म्हणून इतरांना सावध करतो.

वाद्याचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त. फुंकरीच्या ओलाव्याने आतून जस्त झिजते, तांबे उरते आणि बाहेर गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात. तोंडाजवळच्या नळीवर असे ठिपके असतील, तर नळी सडू लागली असे समजावे. नुसत्या काळपटपणाला भिऊ नये. तो पॉलिशने जातो. उलट चकाकी भरपूर, पण कंपनीचे कोरलेले नाव पुसट असेल, तर घासून घासून पत्रा पातळ झालेला असतो. कर्ण्याचे लहान पोचे निघतात. तोंडाजवळच्या नळीतला पोचा सुरावर येतो.

पिस्टन आणि सगळ्या नळ्या बाहेर काढलेले फोटो मागावेत. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर काहीतरी रुतले आहे असे धरावे. मग व्हिडिओ मागावा : पिस्टन न दाबता तिसरी नळी ओढायची, नंतर तिसरा पिस्टन दाबायचा. ‘टप्’ असा आवाज आला तर हवा धरते. नाही आला तर गळते. भाव ठरविण्याआधी मेरठच्या नव्या वाद्याची किंमतही विचारावी. तेथे हा धंदा शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

एवढे करूनही फोटो तो फोटोच. धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. जाणत्या बँडमास्तरांना सोबत न्यावे, वाद्य वाजवून घ्यावे, मगच पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. सार्वजनिक पैशाचा हिशेब वहीत दिसला पाहिजे.

आमच्या ट्रंपेटला डाख देऊन घेतला, पिस्टन मोकळा करून घेतला. खर्च झाला तो आम्ही पदरचा घातला. आता रोज संध्याकाळी विहारासमोर मुले सूर लावतात. अजून बेसूर आहेत. पण वाद्य आपले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!