खोकल्याचे औषध : दक्षता घराची, जबाबदारी सरकारची

बंगळूर शहराच्या आग्नेयेस असलेला बेळ्ळंदूर तलाव गेल्या दशकात दोन कारणांनी देशभर गाजला. एक, सांडपाण्यामुळे साचणारे फेसाचे ढीग. आणि दुसरे, त्याच तलावात पेटणारी आग. 2015, 2017 आणि 2018 अशा तीनही वर्षी ही आग लागली. 2018 च्या जानेवारीत तर ती विझवण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले. या तलावाच्या परिसरात संगणक-उद्योगांची भव्य संकुले उभी आहेत. ती बांधणारे गवंडी आणि बिगारी, तेथे रात्रंदिवस पहारा करणारे रखवालदार, नोकरदारांची ने-आण करणारे वाहनचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि कचरा वेचणारी कुटुंबे यांचे आयुष्य मात्र धूळ आणि धूर यांच्यात जाते. कोरडा खोकला हा अशा वस्तीतला नेहमीचा पाहुणा असतो. डॉक्टरकडे जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार; म्हणून माणूस औषधांच्या दुकानापाशी थांबतो आणि खोकल्याची बाटली मागतो. जे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये असा कायदा आहे, तेही अनेकदा चिठ्ठीवाचूनच हाती पडते.

हे चित्र केवळ बेळ्ळंदूरचे नाही. मुंबईच्या चाळींत, सोलापूरच्या यंत्रमाग वस्त्यांत, बेळगावात आणि नागपुरातही ते दिसते. म्हणूनच खोकल्याचे औषध सुरक्षितपणे कसे घ्यावे, हा किरकोळ घरगुती प्रश्न मानून चालणार नाही. त्याला दोन बाजू आहेत. एक बाजू घरात सांभाळायची आहे आणि ती ज्ञानाने सांभाळता येते. दुसरी बाजू कारखान्यात सांभाळायची आहे आणि ती केवळ सरकारच सांभाळू शकते. पहिल्या बाजूचे उपदेश करून दुसऱ्या बाजूची जबाबदारी झटकण्याचा प्रयत्न सत्ताधारी नेहमीच करतात. त्या प्रयत्नास विरोध केला पाहिजे. परंतु त्यासाठी दोन्ही बाजू नीट समजून घेतल्या पाहिजेत.

प्रथम घरातील बाजू. खोकला हा स्वतंत्र रोग नसून शरीराने केलेला बचाव आहे. विषाणूंच्या संसर्गानंतर येणारा कोरडा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. परंतु खोकल्यामागे दमा, घशापर्यंत उलटणारे आम्लपित्त, रक्तदाबावरील काही गोळ्या किंवा क्षयरोग हीही कारणे असू शकतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला बाटलीने दाबून ठेवणे म्हणजे क्षयरोगाला आणखी अवधी देणे होय. क्षयाची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. ही माहिती प्रत्येक वस्तीत पोचली पाहिजे.

डॉक्टरने कोरड्या खोकल्यासाठी औषध लिहून दिले, तर त्यात काय आहे हे विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे द्रव्य मेंदूतील खोकल्याच्या केंद्रावर काम करते. कफ पडत असेल, तेव्हा ते घेतल्यास कफ आतच अडकतो. दम्याच्या रुग्णाने आणि नैराश्यावरील गोळ्या घेणाऱ्याने ते डॉक्टरला सांगितल्यावाचून घेऊ नये. कोडीन हे अफूच्या कुळातले द्रव्य असून ते श्वसन मंदावते आणि त्याची सवयही लागते. लहान मुलांना ते देऊ नये आणि मद्यासोबत ते कोणीही घेऊ नये. क्लोरफेनिरामीनने गुंगी येते. रात्रपाळीचा वाहनचालक, यंत्रावर उभा असलेला कामगार आणि उंच परातीवर चढणारा गवंडी यांच्या दृष्टीने ही गुंगी जिवावर बेतू शकते. फिनाइलेफ्रिन रक्तदाब वाढवू शकते. काही मिश्र औषधांत पॅरासिटामोलही असते; त्याच वेळी तापाची वेगळी गोळी घेतल्यास मात्रा दुप्पट होते आणि यकृतास इजा पोचते.

मात्रा बाटलीसोबतच्या मापानेच मोजावी. एका घरातला चमचा दुसऱ्या घरातल्या चमच्याएवढा नसतो. एका मुलासाठी आणलेली बाटली दुसऱ्या मुलाला देऊ नये, मागील वर्षीची उरलेली वापरू नये. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने स्पष्ट सूचना दिली, की दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील बालकांनाही ती सर्वसाधारणपणे देण्याची शिफारस नाही. एक वर्षावरील मुलास थोडा मध आणि कोमट पाणी देता येते. एक वर्षाखालील अर्भकास मात्र मधही देऊ नये. मूल भराभर श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, दूध वा पाणी घेईनासे झाले, तर बाटली शोधत न बसता रुग्णालय गाठावे. आणि औषध दिल्यानंतर उलट्या सुरू झाल्या किंवा लघवी कमी झाली, तर क्षणाचाही विलंब न करता मुलास रुग्णालयात न्यावे, बाटलीही सोबत न्यावी.

ही शेवटची सूचना द्यावी लागते, यातच प्रश्नाची दुसरी बाजू दडलेली आहे. मात्रा अचूक मोजली, वेळ पाळली, चिठ्ठीही होती, तरीही मुले दगावली, असे या देशात घडले आहे.

बंगळूरहून चेन्नईकडे जाणाऱ्या महामार्गावर, कांचीपुरम जिल्ह्यातील सुंगुवरचत्रम येथे श्रीसन फार्मास्युटिकल या कंपनीचा कारखाना होता. तेथे मे 2025 मध्ये तयार झालेले ‘कोल्ड्रिफ’ हे औषध मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया परिसरात पोचले. साध्या सर्दी-खोकल्यासाठी ते बालकांना देण्यात आले. काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. छिंदवाड्याचा हा टापू नागपूरशी व्यवहाराने आणि भाषेनेही जोडलेला आहे. शेजारच्या सौंसर-पांढुर्णा भागात मराठी घरोघर बोलली जाते. साहजिकच आईबापांनी मुलांना घेऊन नागपूरच्या रुग्णालयांकडे धाव घेतली. अनेकांनी तेथेच प्राण सोडले. बळींची संख्या वीसच्या वर गेली आणि त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील होते. 2 ऑक्टोबर 2025 रोजी तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने निष्कर्ष दिला, की त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण 48.6 टक्के होते. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. म्हणजे ती बाटली औषधाची नव्हतीच. तिच्यात जवळजवळ निम्मे विष होते.

हे विष येते कोठून? पातळ औषधात मूळ द्रव्य विरघळवण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन यांसारखे गोडसर, दाट द्रव लागतात. औषधी दर्जाचा द्रव महाग असतो; रंग, ब्रेकचे तेल इत्यादींसाठी वापरला जाणारा औद्योगिक द्रव स्वस्त असतो. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच आणि चवीलाही गोड. पिंपातील द्रव तपासल्यावाचून टाकीत ओतला, की नफा वाढतो आणि मूल मरते. ही तपासणी काही अवघड नाही. तिची पद्धत ठाऊक आहे, उपकरणे उपलब्ध आहेत, नियमही आहे. नाही ती फक्त सक्ती. या कारखान्यास 2011 साली परवाना मिळाला होता. मुलांचे मृत्यू झाल्यानंतर तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने तेथे तपासणी केली, तेव्हा साडेतीनशेहून अधिक नियमभंग आढळले. इतके नियमभंग एका रात्रीत जन्मास येत नाहीत. चौदा वर्षे निरीक्षक काय पाहत होते, हा प्रश्न त्या आईबापांनी विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

या विषाचा इतिहास जगाला नवा नाही. 1937 साली अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ या औषधाने शंभरावर बळी घेतले आणि त्यानंतर 1938 मध्ये तेथे औषध कायदा कडक करावा लागला. महाराष्ट्राने तर हा अनुभव स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. 1986 च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्येही डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालय प्रशासन, औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. 1988 मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील धडे देशभर अमलात आले असते, तर परासियाच्या मुलांसाठी छोट्या शवपेट्या करण्याची वेळ आली नसती.

सर्वांत संतापजनक गोष्ट पुढेच आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील गांबिया देशात 66 बालकांच्या मृत्यूंशी भारतातून गेलेल्या औषधांचा संबंध असू शकतो, असा इशारा दिला. त्याच वर्षाअखेर उझबेकिस्तानातूनही तशीच वार्ता आली. परदेशी बाजारपेठेत पत जाते आहे, हे दिसताच केंद्र सरकारला जाग आली. 1 जून 2023 पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या प्रत्येक औषधाची सरकारी वा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आधी चाचणी करण्याची सक्ती झाली. हे योग्यच झाले. परंतु तशी सक्ती देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला लागू झाली नाही. येथे कारखानदाराने स्वतःच तपासावे आणि स्वतःच प्रमाणपत्र लिहावे, हीच रीत कायम राहिली. निर्यातीच्या मालाला एक कसोटी आणि देशातील मुलाला दुसरी! परासियाची शोकांतिका या दुटप्पी धोरणाची अपरिहार्य परिणती होती.

त्याच वर्षी, 2023 मध्ये, ‘जनविश्वास’ कायद्याद्वारे औषध कायद्यातील कलम 27 (ड) खालचे, म्हणजे दर्जाहीन औषधांबाबतचे, गुन्हे दंड भरून मिटवण्याची वाट मोकळी करण्यात आली. ज्याच्या औषधाने मृत्यू घडतो, त्याला ही सवलत नाही हे खरे. पण आज दर्जात काटकसर करणाऱ्यास दंडावर सोडले, तर तोच उद्या पिंपाची तपासणी टाळतो. शिवाय औषधनिर्मितीच्या सुधारित नियमांच्या पालनासाठी लहान व मध्यम कारखान्यांना 2025 च्या अखेरपर्यंत मुदतवाढ दिली गेली. सवलतीची ही मुदत चालू असतानाच ही मुले मेली.

यावर असे म्हटले जाते, की दोष पाच वर्षांखालील मुलास असे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरचा आहे, विकणाऱ्या दुकानदाराचा आहे, सल्ला न घेता बाटली देणाऱ्या पालकांचा आहे. परासियात एका डॉक्टरास अटकही झाली. कंपनीचा मालकही पकडला गेला आणि परवाना रद्द झाला. ज्याचा जो दोष असेल, तो न्यायालयात सिद्ध होऊन त्याला शासन झालेच पाहिजे. अनावश्यक औषधे लिहिण्याच्या प्रथेलाही आळा बसला पाहिजे. परंतु डॉक्टर असो वा आई, डोळ्यांनी पाहून बाटलीतले विष ओळखणे दोघांनाही शक्य नाही. ते ओळखण्याचे साधन फक्त प्रयोगशाळेत आहे आणि प्रयोगशाळा सरकारच्या हाती आहेत. माणसे तुरुंगात टाकून व्यवस्था जशीच्या तशी ठेवली, तर दुसऱ्या नावाची दुसरी बाटली तिसऱ्या जिल्ह्यात पोचेल.

औषध हा इतर मालासारखा माल नाही, या जाणिवेनेच स्वतंत्र भारताने 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला आणि 1961 मध्ये सोव्हिएत साहाय्याने आय.डी.पी.एल.ची उभारणी केली. 1975 च्या हाथी समितीने सार्वजनिक क्षेत्राला औषधउद्योगात अग्रस्थान देण्याची आणि व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी औषधे विकण्याची दिशा दाखवली. ती दिशा सोडून 2016 च्या डिसेंबरात आय.डी.पी.एल. बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. आज बाजारात खोकल्याच्या असंख्य नावांच्या बाटल्या आहेत. त्यांतल्या कोणत्या पिंपातून काय आले, हे सांगू शकणारे निरीक्षक मात्र अपुरे आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. निर्यातीला लावलेली चाचणीची सक्ती देशातील प्रत्येक पातळ औषधास लावली जावी. द्रवाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी आणि तिची नोंद सरकारने पडताळावी. राज्यांच्या प्रयोगशाळा व निरीक्षकांची रिक्त पदे भरावीत आणि सदोष औषधांची नावे जनतेच्या भाषेत तत्काळ जाहीर व्हावीत. बळी गेलेल्या मुलांच्या कुटुंबांना पुरेशी भरपाई मिळावी आणि खटले जलद चालावेत. दर्जाहीन औषधांचे गुन्हे दंडावर मिटवण्याची तरतूद रद्द व्हावी.

या मागण्यांसोबत कार्यकर्त्यांना आणखी एक काम करावयाचे आहे. वस्तीतील सभा, कामगार संघटनेच्या कचेऱ्या, अंगणवाड्या, महिला मंडळे येथे घरातील बाजूची माहिती साध्या शब्दांत सांगितली पाहिजे : कोणत्या वयात औषध नको, कोणत्या औषधाने गुंगी येते, मात्रा कशाने मोजावी, क्षयाची तपासणी कोठे होते, धोक्याची लक्षणे कोणती. बेळ्ळंदूरच्या घरकामगार स्त्रीला हे ज्ञान मिळाले, तर ती आपले मूल सांभाळील. पण ती आपले कर्तव्य करीत असताना सरकारही आपले करते आहे, याची खात्री तिला मिळाली पाहिजे. ती अजून मिळालेली नाही. आणि ती मिळेपर्यंत सरकारला जाब विचारत राहणे हे प्रत्येक जागरूक कार्यकर्त्याचे काम आहे.