असईचा हत्ती आणि वेल्लोरची भिंत

विजय कोणीही मिरवतो. समाजाच्या सत्त्वाची परीक्षा होते ती पराभवाच्या स्मरणात. जालना जिल्ह्यातील असई या लहानशा गावाचे नाव इंग्लंडमधील एका घोडदळाने हत्तीच्या चित्रासह पिढ्यानपिढ्या सन्मानचिन्ह म्हणून मिरवले. ज्यांचे रक्त त्या मातीत मिसळले, त्यांच्या वंशजांपैकी किती जणांना ते गाव नकाशावर दाखवता येईल?

हे घोडदळ म्हणजे एकोणिसावी लाइट ड्रॅगून्स. 1781 साली खास हिंदुस्थानातील सेवेसाठी ती उभारली गेली. तिचा मूळ क्रमांक तेविसावा. 1786 मध्ये तो एकोणिसावा झाला. ब्रिटिश राजाच्या घोडदळापैकी या भूमीवर उतरलेली ही पहिली रेजिमेंट. युरोपात नेपोलियनच्या नावाने सिंहासने हादरत होती, त्या काळात इंग्रजांच्या साम्राज्याचा पाया मात्र दख्खनमध्ये भरला जात होता. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनचा पाडाव करणारा आर्थर वेलस्ली सेनापती म्हणून घडला तो येथेच.

23 सप्टेंबर 1803. खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर वेलस्ली चालून आला. मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजी रांगांची अक्षरशः चाळण केली. चुकून असई गावाच्या रोखाने सरकलेली चौऱ्याहत्तरावी हायलँडर पलटण जवळजवळ नष्ट झाली होती. तिचा उरलासुरला भाग वाचला तो कर्नल मॅक्सवेलच्या नेतृत्वाखालील एकोणिसाव्या ड्रॅगून्सच्या आणि मद्रासच्या देशी घोडदळाच्या हल्ल्यामुळे. मॅक्सवेल त्याच दिवशी पुढच्या चढाईत पडला. इंग्रजांकडील 428 ठार, 1138 जखमी आणि 18 बेपत्ता झाले. आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, या प्रश्नाला वेलस्लीने उतारवयात ‘असई’ असे एका शब्दात उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. वॉटर्लूच्या विजेत्याने दिलेले हे प्रमाणपत्र खरे पाहता मराठी गोलंदाजांचे आहे! शत्रूची रांग अंगावरून पुढे जाईपर्यंत मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिलेले आणि मग उठून त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर डागणारे ते वीर कोण होते? त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपल्या ओठांवर आहे काय?

मग पराभव का झाला? येथे आत्मवंचना उपयोगाची नाही. ‘फितुरी झाली’ एवढे म्हणून सुस्कारा सोडणे सोपे असते. वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य सैनिक हिंदुस्थानीच होते, हे विसरून कसे चालेल? मैसूरचे आणि खुद्द पेशव्यांचे घोडेस्वारही त्याच्याच बाजूला उभे होते. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईच्या तहावर सही करून पेशव्यांनी स्वराज्याच्या किल्ल्या आधीच परक्याच्या हाती दिल्या होत्या. यशवंतराव होळकर त्या वर्षी युद्धापासून दूर राहिले. ते लढले, पण 1804 मध्ये आणि एकटे. शिंद्यांच्या कवायती पलटणी रणांगणावर पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मनाच्या आज्ञेत होत्या आणि मराठ्यांच्या अफाट घोडदळाचा मोठा भाग ऐन मोक्याच्या क्षणी नुसता पाहत राहिला. शौर्य आपले होते, तोफा आपल्या होत्या. सेनापतित्व मात्र उसने होते आणि ऐक्य तर नव्हतेच. काही शेकड्यांच्या रिसाल्याने ती लढाई सावरली, कारण तो एका आज्ञेवर दौडत होता.

त्याच एकोणिसाव्या ड्रॅगून्सचा दुसरा चेहरा दिसला तो वेल्लोरला. मद्रासच्या लष्करात नवी पगडी सक्तीची झाली होती. तिला चामड्याचा तुरा होता. कपाळावरचे गंध पुसण्याचे आणि दाढ्या नियमाप्रमाणे कापण्याचे फर्मानही निघाले होते. 10 जुलै 1806 च्या पहाटे हिंदू आणि मुसलमान शिपाई एकत्र उठले. झोपलेल्या गोऱ्या सैनिकांवर त्यांनी हत्यार चालवले, रुग्णालयातील आजाऱ्यांनाही सोडले नाही. ते झाकण्याचे कारण नाही. अर्काटहून सुमारे पंचवीस किलोमीटरची दौड करीत कर्नल गिलेस्पी एकोणिसाव्या ड्रॅगून्सना घेऊन आला. घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफांनी किल्ल्याचा दरवाजा फोडला गेला आणि कत्तल सुरू झाली. राजवाड्यात आश्रय घेतलेल्या सुमारे शंभर शिपायांना बाहेर काढून भिंतीपाशी उभे करण्यात आले व चौकशीवाचून गोळ्या घालण्यात आल्या. पुढे सेनापती क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक यांना परत बोलावण्यात आले आणि ती फर्माने रद्द झाली. शिपायांची तक्रार निराधार नव्हती, याची याहून मोठी कबुली कोणती? अर्धशतकानंतर, 1857 मध्ये, तोच धडा साऱ्या हिंदुस्थानाने इंग्रजांना पुन्हा शिकवला.

रेजिमेंटच्या सन्मानचिन्हावर हत्ती आहे. वेल्लोरची ती भिंत नाही. ‘निःपक्षपाती इतिहासा’चे ठेकेदार विजेत्यांची दैनंदिनी हाच इतिहास समजतात. त्यांनी हा हत्ती आणि ही भिंत शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

पण शत्रूकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकोणिसावी 1821 मध्ये बरखास्त झाली. तिचा एकही घोडा उरला नाही, तरी स्मरण मेले नाही. 1857 च्या उठावानंतर कंपनीने बंगालमध्ये उभारलेल्या युरोपीय घोडदळातून नवी एकोणिसावी हुसार रेजिमेंट तयार झाली आणि 1874 साली असईचा तो सन्मान तिच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी मेलेल्या रेजिमेंटची स्मृती जागवली. आपण जिवंत समाज असून आपली स्मृती मरू दिली.

2006 साली वेल्लोरच्या द्विशताब्दीला टपाल तिकीट निघाले. तेवढ्याने ऋण फिटत नाही. असईच्या शिवारात शाळेची मुले गेली पाहिजेत. तेथे त्यांना गोलंदाजांचा पराक्रम सांगावा आणि त्याच श्वासात आपसांतील दुहीची कहाणीही सांगावी. पहिल्याविना स्वाभिमान जागणार नाही आणि दुसरीविना शहाणपण येणार नाही. स्वाभिमान आणि शहाणपण यांची फारकत झाली, की परक्यांचे घोडे नदी ओलांडायला उतार शोधतातच!